भावजींनी परसात आणलेला दगड

साजगावचे एक गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन आमच्या ओटीवर आले आणि पुढं केलेल्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही, तेव्हाच मला कळलं. वाईट निरोप आणणारा माणूस निरोप देईपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाही. ते कुवेतला भावजींच्याच खोलीत राहायचे. माझे धाकटे दीर गणपत तापानं गेले, समुद्राकाठी आपल्याच माणसांनी त्यांना अग्नी दिला, एवढंच ते बोलले. माझ्या यजमानांनी पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, "जेवत व्हता ना नीट?" मी आत गेले आणि चुलीतली लाकडं मागं ओढली.

मी लग्न होऊन आले तेव्हा भावजींचे दुधाचे दात पडत होते. या घरात मी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले ती त्यांच्याशीच. मोठ्यांपुढं माझा आवाज निघत नसे. पुढं ते मुंबईला एका कारखान्यात लागले, आणि लढाई संपल्यावर बोटीनं कुवेतला गेले. तिथं तेलाचे नळ जोडायचं काम होतं. जाताना म्हणाले, "वैनी, तुमच्या शाळंच्या नकाशात हाय का बघा कुवेत." माझं पुस्तक चौथीचं. त्यात नव्हतं.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, माझं माहेर खालापूर तालुक्यात, आणि मधे एक गवताळ माळ. माळ उतरून ओढा ओलांडला की माहेर. माळ कुणाचा, हे कर्जतच्या कचेरीत विचारलं तर ते खालापूरला जा म्हणत, आणि खालापुरात विचारलं तर कर्जतला. आधी त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दोन्हीकडची गुरं तिथं चरत. मग मुंबईच्या तबेल्यांना गवत जाऊ लागलं, व्यापाऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या, आणि दोन्ही घरं म्हणू लागली की माळ वाडवडिलांपासून आमचाच. एका कार्तिकात गवत कापताना माझ्या भावाच्या कपाळावर विळ्याची मूठ बसली. कुणाच्या हातची, ते मी लिहीत नाही. त्या दिवसापासून माझं माहेर बंद झालं. आई ओढ्यावर पाण्याला आलेली मला माळावरून दिसायची. तीही वर बघायची. मी हाक मारत नसे, तीही मारत नसे. चार भाऊबीजा अशा गेल्या.

भावजी रजेवर आले तेव्हा यजमानांनी पाथरवटाकडून हद्दीचा दगड घडवून आणला होता. गाडीत तसाच होता, दुसऱ्या दिवशी माळावर पुरायचा होता. भावजींनी दगडाभोवती एक फेरी मारली, अंगणात उकिडवे बसले आणि काटकीनं मातीत दोन रेघा ओढल्या. कुवेतचा शेख आणि सौदीचा राजा, दोघांच्या मधे असाच एक वाळूचा पट्टा आहे म्हणाले. हद्द आखायला बसले, पण दोघांचं जमेना. तेव्हा ठरलं की पट्ट्यात रेघ मारायचीच नाही. तो दोघांचा, आणि जे निघेल त्यात दोघांचा हक्क सारखा. तेव्हा तिथं उंटांशिवाय काही नव्हतं. आता खाली तेल असेल असं बोलतात, तरी वाटा निम्मानिम्माच. सगळेच असे शहाणे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. इराण म्हणतं बहरीनचं बेट जुनं आमचं, इराकात म्हणतात अख्खं कुवेतच आमचं. जमिनीतून तेल निघालं तसे सगळ्यांचे जुने हक्क वर आले.

यजमान हसले. "त्यांच्याकडं तेल हाय रं. निम्मं दिलं तरी राजाच. आपल्याकडं गवत हाय."

"गवतापायी डोकी फुटली, दादा," भावजी म्हणाले. "तेल असतं तर काय झालं असतं?"

यजमान उठून गोठ्यात गेले. भावजींनी खजुराचा पुडा काखेत मारला आणि एकटेच ओढा ओलांडून माझ्या माहेरी गेले. तिथलं बोलणं मला पुढं आईनं सांगितलं. माझे वडील, आबा, सुपारी कातरत बसले होते. भावजींनी तिथंही रेघा ओढल्या. गवत दोन्ही घरांनी मिळून कापायचं, बाजारात मासळीचे घालतात तसे दोन वाटे घालायचे. एका घरानं घालायचे, दुसऱ्यानं हवा तो उचलायचा, पुढल्या साली उलट. आबा म्हणाले, "तुझ्या राजांकडं उंट, आमच्याकडं म्हशी. म्हशीला करार कळतो व्हय रं?" आणि मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "गवत निम्मं तर निम्मं. पर पोरगी आमची सणाला पुरी येऊ दे."

यजमानांनी दगड माळावर पुरला नाही, आणि त्या कार्तिकात मी माहेरी गेले. आई दारातच माझ्या बांगड्या वरखाली करत राहिली.

दगड गाडीतच उरला होता. भावजींनी आणि माझ्या भावानं मिळून तो आमच्या परसात विहिरीपाशी लोटत आणला. भावजी म्हणाले, "वैनी, धुण्याला झ्याक हाय." घडवलेली सपाट बाजू त्यांनी वर केली. रजा संपेपर्यंत ते रोज त्यावर बसून दात घासायचे आणि मला तिकडच्या गमती सांगायचे...

पुढल्या भाद्रपदात भावजी तिकडं तापानं गेले. गवत पिवळं पडायला लागलं तसं गावात बोलणं सुरू झालं, की करार करणारा गेला, आता कसला करार? खालापूरवाले आधीच विळे लावणार, असंही कुणी सांगितलं. यजमान त्या दिवसांत कुणाशी नीट बोलत नव्हते. एका सकाळी त्यांनी गाडी जुंपली आणि पहार घेऊन परसात आले. म्हणाले, "दगड काढायचा हाय. माळावर न्यायचा."

मला उलट बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मी घरात गेले. भावजींची पेटी आल्यापासून कुणी उघडली नव्हती. ती मी उघडली, त्यांचे सदरे काढले, परसात आणून भिजवले आणि त्या दगडावर धुवायला बसले. सदऱ्यांना तेलाचा वास होता, आपल्या रॉकेलसारखा नाही, त्याहून जड. पाण्यावर तवंग आला. यजमान पहार घेऊन उभे होते. मी एक सदरा धुतला, पिळला, दुसरा घेतला. त्याच्या कोपराला ठिगळ होतं, मोठ्या मोठ्या टाक्यांचं, पुरुषानं शिवलेलं. ते त्यांनी पाहिलं. पहार भिंतीला लावून ते खाली बसले आणि मी पिळलेला सदरा त्यांनी माझ्या हातातून घेतला. दोरीवर घालायला म्हणून घेतला, पण तो हातात धरूनच बसून राहिले.

ऊन वर आल्यावर मग त्यांनी गाडीचे बैल सोडले.

गवत कापलं गेलं, दोन्ही घरांनी मिळून. या साली वाटे आमच्या घरानं घातले. आबांनी जवळचा उचलला, बघितलासुद्धा नाही.

सदऱ्यांचा वास अजून गेलेला नाही. मी पुन्हा पुन्हा धुते म्हणून सासूबाई म्हणतात, "अगं, फाटतील." दगडावर आता साबणाचा पांढरा थर बसला आहे, पण एका कोपऱ्याशी पाणी तुंबलं की त्यावर अजून रंग दिसतात, निळे, जांभळे... मी तेवढी जागा घासत नाही.