लोसालिनचे चोरखिसे

आमच्या बेटावरून परदेशी निघालेला माणूस आधी दोन दारं गाठतो. एक चर्चचं, दुसरं लोसालिनवहिनीचं. लोसालिन माझ्या भावाची बायको. ती चोरखिसे शिवते. चड्डीच्या नाहीतर परकराच्या आतून, पोटाशी, बटण लावलेला सुती खिसा. त्यात पासपोर्ट आणि पैसे. माप घेताना ती भल्याभल्यांना हात वर करून उभं करते आणि उपदेश सुरू करते. मागच्या खिशात रुमालसुद्धा ठेवू नका. कोणी नकाशा पुढे धरला की आधी पोटावर हात ठेवा. अंगावर काही सांडलं तर कोणाला पुसू देऊ नका, तसेच चालू पडा. बाई स्वतः टोंगाबाहेर कधी गेली नाही. पण सिडनीत, ऑकलंडात, पॅरिसात लुटला गेलेला जो तो परत आल्यावर तिच्याच ओट्यावर रडून जातो, त्यातून ती शहाणी झाली. आमचा पाद्री तिच्याकडून खिसा शिवून घेतो आणि वर तिलाच चिडवतो, देवावर भरवसा नाही का तुझा? ती म्हणते, देवावर आहे, रोमच्या बसवर नाही.

फक्त तिच्या सख्ख्या भावाला, सेमिसीला, तिने खिसा शिवला नाही. शिवणार तरी कशी! आमच्यात मुलाला मिसरूड फुटली की तो बहिणीबरोबर एका छपराखाली झोपत नाही. तिच्यासमोर वाह्यात शब्द काढत नाही. तिनेही त्याच्या आतल्या कपड्यांचं नाव घ्यायचं नाही, हात लावणं तर लांबच राहिलं. सेमिसीची बायको वारल्यापासून तो आपले कपडे आपण धुतो आणि बहिणीच्या नजरेला पडू नयेत म्हणून केळींच्या आड वाळत घालतो. याला आम्ही मान म्हणतो. मला या मानाचा कधीकधी असा संताप येतो म्हणून सांगू!

तर चर्चच्या गायकांना रोमचं बोलावणं आलं. सेमिसीच्या खर्जावाचून त्यांचं पान हलत नाही, पण तो जायला तयार नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली. म्हातारीनेच त्याला ढकलला. जा, तिथे माझ्या नावाने मेणबत्ती लाव, आणि परत ये, तुला बघितल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही, म्हणाली.

मी वहिनीला म्हटलं, तू शीव, मी नेऊन देते. बाजारातून आणला म्हणून सांगेन.

“वन्सं, असले खिसे बाजारात मिळतात होय? कोणी शिवला ते त्याला कळेलच. मग तो माझ्या घरी मान वर करून जेवेल का कधी?”

मग तोंडाने तरी सांग, म्हटलं. तिने ‘जपून जा’ एवढंच सांगितलं. आणि बाकी सगळ्या गायकांना खिसे लागत असताना सेमिसीनेही चकार शब्द काढला नाही.

ते रोममध्ये असताना म्हातारी खालावली. फोन केला तसं पाद्र्याने सेमिसीचं एकट्याचं तिकीट अलीकडचं करून दिलं. विमानतळाची गाडी पकडायला तो स्टेशनात उभा होता, तेवढ्यात एका बाईने त्याच्या शर्टावर कॉफी सांडली. बाई माफी मागत पुसायला लागली. आमचा माणूस वाकून वाकून तिचे आभार मानत राहिला. ती गेली तेव्हा पँटचा मागचा खिसा रिकामा होता. पासपोर्टाशिवाय विमानात कोण बसू देणार? रोममध्ये आमच्या देशाची कचेरीसुद्धा नाही, सगळे कागद लंडनहून यायचे.

इकडे म्हातारी दाराकडे तोंड करून पडलेली. पायरीवर कोणाचं पाऊल वाजलं की विचारायची, सेमिसी आला का? वहिनी म्हणायची, निघालाय, आई, वाटेत आहे. असं म्हणता म्हणताच म्हातारी गेली. शवागारात जितकं ठेवता येतं तितकं ठेवलं. शेवटी सेमिसीवाचूनच तिला माती दिली.

तो आला तेव्हा थडग्यावरची वाळू वाळून गेली होती. कमरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळून तो थडग्यापाशी बसला, आणि मग घरी येऊन पुरुषांत बसला. वहिनी पडद्याआड जेवण वाढून देत होती, मी पानं बाहेर नेत होते. तिला त्याच्यापुढे जाऊन सांगायचं होतं की चूक माझी. पण ते सांगायला जो शब्द लागतो, तो बहिणीने भावापुढे उच्चारायचा नसतो.

ती आत आहे हे त्यांच्या मामांच्या, केलेपींच्या ध्यानात नव्हतं. ते सेमिसीवर उखडले.

“अख्खं बेट तुझ्या बहिणीचे खिसे पोटाशी लावून फिरतं, आणि तू शेवटी आईला मुकलास ते ढुंगणावरच्या खिशापायी?”

सेमिसी पानाकडे बघत होता.

“मला दिला होता, मामा. यांनीच आणून दिला होता.” त्याने माझ्याकडे हात केला. “उकडत होतं, म्हणून मीच काढून ठेवला.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, दिला होता.

मग मामा त्याला नाही नाही ते बोलले. तो सगळं ऐकत बसला. मी आत गेले तर वहिनी आपल्या कमरेच्या सुतकाच्या चटईचं टोक दातांत धरून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आता गावातून कोणी परदेशी निघालं की सोबत आलेल्या बायका हटकून बजावतात, सेमिसीसारखं उकडतं म्हणून काढून ठेवू नकोस हो. वहिनी माप घेता घेता ऐकते. हे खोटं आहे असं तिला म्हणता येत नाही.