बंडीच्या दांडीचा क्यू

माझी नणंद कांता कोणाच्याही घरी गेली आणि हाताला लाटणं लागलं, की ते जमिनीवर लोटून पाहायची. लाटणंच असं नाही. झाडूचा दांडा, म्हाताऱ्याची काठी, पडद्याचा रूळ, काहीही चालायचं. लोटायची, एक डोळा बारीक करून बघायची आणि निकाल द्यायची, "डुलून राह्यलं. वाकडं हाय." माझ्या मोठ्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आधीच ही त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली. मुलीची आई घाबरली. तिला वाटलं, ही आमच्याकडची काही रीत असेल. मी बाहेर येऊन चिडले तर म्हणते, "वहिनी, यायचं लाटणं सरळ हाय. करा पोरगी." केली. चांगली निघाली. त्यात लाटण्याचा काही संबंध नाही.

कांता जाऊन दोन वर्षं झाली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, मला गोड लिहिता येत नाही. कांताही गोड नव्हती. तोंडाने फटकळ, भाजीत मीठ जास्त, आणि चूक तिची असली तरी आवाज तिचाच मोठा. पण आमच्या घरात कोणी केलं नव्हतं असं एक काम तिने केलं आणि ते मी समोर बसून पाहिलं, म्हणून लिहिते.

तिचा नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत होता. तो काविळीने गेला. त्याच्या जागी तिला नोकरी लागली आणि कॉलनीच्या क्लबात काम मिळालं. झाडणं, पाणी भरणं, चहाचे कप धुणं. माझाही नवरा तोवर गेला होता, म्हणून मी तिच्याकडेच राहायला आले. क्लबात पूलचं टेबल होतं. वर हिरवं कापड ताणलेलं, कडेला सहा भोकं. लांब काठीने पांढऱ्या गोळ्याला ढोसायचं आणि त्याने रंगीत गोळे भोकात पाडायचे. त्या काठीला क्यू म्हणतात. कापड ब्रशने साफ करणं कांताकडे होतं. दुपारी तिथे कोणी नसायचं. साफ करता करता ती आधी हाताने गोळे लोटू लागली, मग क्लबच्या एका मोडक्या क्यूने. सेक्रेटरी वानखडे साहेबांनी एकदा पाहिलं. ते म्हणाले, "काम झाल्यावर खेळत जा, कांताबाई. तुम्ही पण खाणीच्याच कामगार हाय." पुढे तिचा हात असा बसला की संध्याकाळी एक गडी कमी पडला की पुरुष तिलाच हाक मारायचे.

पण क्लबचे क्यू सगळे वाकडे. चांगल्या खेळणाऱ्यांचे आपापले होते, ते पिशवीत घालून आणत. सव्वीस जानेवारीच्या आधी तिथे स्पर्धा व्हायची आणि तिचा रिवाज ठरलेला होता. ज्याचा स्वतःचा क्यू, त्याचंच नाव. क्लबचा चालत नसे आणि दुसऱ्याचा कोणी मागत नसे. कांता दर वर्षी त्या स्पर्धेच्या खुर्च्या मांडायची आणि मॅच होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची. तिला खेळायचं होतं. हे ती कोणाला बोलली नव्हती, मलाही नाही.

एक दिवस चौघं-पाचजण चहा पीत आपल्या पहिल्या क्यूच्या गोष्टी काढून बसले. एकाला मामाने नागपूरहून आणून दिला होता. लग्न होईपर्यंत तो क्यू उशाशी घेऊन झोपायचा. दुसऱ्याला बदली होऊन जाणाऱ्या साहेबाने दिला होता. मोहितकर नावाचा इलेक्ट्रिशियन होता, त्याचा पहिला क्यू एसटीच्या दारात सापडून मोडला. "बुढा बाप गेला तवा रडलो नाही, तेवढा रडलो," म्हणाला. कांता कप उचलत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "कांताबाई, तुमचा पहिला क्यू कोणता जी? झाडूचा दांडा?"

सगळे हसले. कांताही हसली. "हो जी. इथं सरळ तं तोच हाय."

घरी येऊन मात्र ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "वहिनी, मले माहा क्यू पायजे."

"घे मंग दुकानातून."

"माहा पोरगा शिकून राह्यला. दुकानातून घेऊ? बाबाची बंडी पडली हाय ना गोठ्यात?"

राळेगावजवळच्या आमच्या खेड्यात सासऱ्यांची बैलबंडी मोडून पडली होती. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावची जुनी कामं सोडून दिली. त्यानंतर स्वतःच्या कमाईची पहिली वस्तू केली ती ही बंडी. तिची दांडी सागाची. इतकी वर्षं ऊन खाऊन लोखंडासारखी झालेली. मी म्हटलं, घे. नाहीतरी कोंबड्या बसतात तिच्यावर.

गावात बाबाराव सुतार होते. त्यांनी जन्मभर वखर, तिफणी, मुसळं केली. क्यू त्यांनी पाहिला नव्हता. कांताने मोबाइलवर फोटो दाखवला, हाताने माप दिलं. त्यांनी दांडी चिरली, रंधा मारून मारून शेंड्याकडे निमुळती केली आणि जवसाचं तेल पाजलं. काठी मोठी देखणी झाली. ओसरीवर लोटली तर सरळ गेली, जराही डुलली नाही. कांता एवढी खूश की बाबारावांच्या पाया पडली.

नाव द्यायच्या दिवशी तिने क्लबात क्यू काढला आणि वानखडे साहेबांनी कपाळाला हात लावला. बाबारावांनी शेंड्याला लोखंडी साम ठोकली होती. मुसळाच्या टोकाला कडं बसवतात तशी. लाकूड चिरू नये म्हणून. फोटोत टोक काही नीट दिसलं नव्हतं आणि कांताला वाटलं, मजबुतीसाठीच आहे.

"कापड फाटन ना, कांताबाई," साहेब म्हणाले. "टोकाले चामडं लागते. असं नाही चालत."

मोहितकर लगेच म्हणाला, "मुसळ आणलं काय जी? काय कांडाचं हाय आज?" त्या दिवसापासून तिचं नाव मुसळबाई पडलं. साहेबांनी शनिवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. तेवढं तरी केलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही दोघी गावी गेलो. बाबाराव साम काढायला तयार होईनात. "काढली अन् शेंडा चिरला, तं लोक काय म्हणतीन? बाबारावनं केली म्हणतीन. मुसळ बिनसामीचं ठेवते काय कोणी?"

मी म्हटलं, चल, मोडून चुलीत घालू.  कांताने त्यांच्या फळीवर एक लिंबू ठेवलं, वाकली, क्यू धरला आणि हळूच लिंबाला लावला. लिंबू जाऊन डिंकाच्या डब्याला लागलं. "काका, मुसळ वरतून खाली आपटते. हे समोर जाते. याले मार बसतच नाही."

बाबाराव म्हणाले, "अजून एकडाव कर." तिने केलं. त्यांनी तिच्या कोपराकडे पाहिलं, मग पटाशी उचलली आणि साम उडवली. कोपऱ्यात त्यांची फाटकी वहाण होती. तिच्या तळाचं चामडं गोल कापलं, टोकाला चिकटवलं, सुतळीने बांधून सुकत ठेवलं.

"हारली तं माहं नाव सांगू नको," ते म्हणाले.

"अन् जितली तं?"

"तं गावाचंही सांग."

शनिवारी नाव लागलं. स्पर्धेच्या दिवशी मी पुढच्या खुर्चीत बसले. खेळ मला कळत नव्हता. काळा गोळा शेवटी पाडायचा, एवढं तिने सांगून ठेवलं होतं. कांताने पदर कमरेला खोचला. तिचा क्यू बाकीच्यांपेक्षा जाड होता, काळपट होता, आणि गोळ्याला लागला की आवाज वेगळा यायचा. पहिली मॅच स्टोअरमधल्या पोराशी होती. त्याला वाटलं बाई आहे, आणि त्याला कळेपर्यंत काळा गोळा आत गेला होता. दुसरी मोहितकरशी. तो तोंडाने मुसळ मुसळ करत होता. कांता टेबलाभोवती फिरत होती, जशी घर झाडताना फिरते, घाई नाही. मध्ये एकदा चुकली तेव्हा स्वतःलाच शिवी दिली. शेवटचा काळा गोळा लांब होता. तिने मारला, तो कडेला लागून परत आला आणि भोकाच्या तोंडाशी जरा थांबल्यासारखा होऊन पडला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती.

तिसऱ्या मॅचमध्ये खाणीच्या सर्व्हे खात्यातल्या एका पोराने तिला हरवलं. चांगला खेळला, त्यात वाद नाही. कांताने त्याला सांगितलं, "तुहा हात चांगला हाय." कधी कोणाला चांगलं न म्हणणारी बाई.

सगळं आटोपल्यावर मोहितकर आमच्याकडे आला.  मग म्हणाला, "कांताबाई, तुमच्या क्यूनं एक फटका मारू देता काय? पाहतो कसा लागते तं." मागचे चौघंपाचही जवळ आले. सगळ्यांनाच ती काठी हातात घ्यायची होती.

कांताने त्याच्या हाताकडे पाहिलं. तळहातावर मळलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"देतो जी. कायले नाही? पण पहिले हात धुऊन या. साबणानं."

 क्लबातल्या झाडणाऱ्या बाईने असं बोलावं, हे तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, हा आता भडकणार. मोहितकरने खर्रा पुडीत टाकला आणि नळाकडे गेला. हात पँटीला पुसत परत आला, तर कांता म्हणाली, "पुसा नीट, ओले हाय." त्याने रुमालाने पुसले. मग तिने सासऱ्यांच्या बंडीची ती दांडी त्याच्या दोन्ही हातांत दिली.

त्याचा फटका कसा बसला, ते मी पाहिलं नाही. मी नळाकडे बघत होते. तिथे बाकीचे साबणासाठी रांगेत उभे होते.