खोकला दौऱ्यावर आला

आमच्या उपकेंद्रात गोळ्या संपतात, पट्ट्या संपतात, उन्हाळ्यात नळाचं पाणीही संपतं. किस्से मात्र संपत नाहीत! संध्याकाळी कुलूप लावताना एखादा नवीन जमा झालेला असतोच. सांगायचे कुणाला? घरी बायको म्हणते, "जेवताना जुलाबाचं काढू नका." म्हणून तुम्हाला सांगतो.

मी आरोग्य सेवक. दिंद्रुडपासून थोडं आत एका गावात आमचं उपकेंद्र आहे. तिथे मी, नलिनी सिस्टर आणि आशाताई म्हणून काम करणाऱ्या मंगलताई. सिस्टरांचा आवाज असा, की लसीकरणाला आलेलं पोरगं सुई दिसायच्या आधीच रडायला लागतं. मंगलताई याच गावची सून, शेळ्या-मेंढरांवालं घर.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट पक्की कळलीय. पुस्तकात लिहिलंय की रोग पाण्यातून पसरतात, हवेतून पसरतात, डासांमुळे पसरतात. आमच्याकडे ते सभ्यपणातून पसरतात! खोकला झाला म्हणून घरी बसलो तर लोक काय म्हणतील, या काळजीनं माणूस चार घरी जाऊन खोकून येतो.

त्यात यंदा आमच्या जिवाला एक घोर होता. मंगलताईंची लेक राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. पोरगी एवढीशी! बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून ती घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी मंगलताईंना बजावलं होतं, "आईचं दूध, ऊब आणि गर्दीपासून लांब. हिला साधा खोकलासुद्धा झेपायचा नाही."

दूध झालं, ऊब झाली. पण गर्दीपासून लांब? आमच्या गावात?

* * *

सुरुवात डोळ्यांपासून झाली. गावात डोळ्यांची साथ आली आणि मंगलताईंचे मालक पांडुरंग लालभडक डोळे घेऊन घरी आले. मंगलताईंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं आणि अंथरूण बाहेर दिलं. "शेळ्यात झोपा!"

हे डोळे आणले कुठून, याचा माग काढत मी दत्तूच्या सलूनमध्ये पोचलो. दत्तू एकाची दाढी करत होता. त्या माणसाचे डोळे टोमॅटोसारखे लाल. दत्तूनं खांद्यावरच्या टॉवेलनं त्याच्या गालावरचा फेस पुसला. त्याच टॉवेलनं त्यानं आधीच्या गिऱ्हाइकाचं तोंड पुसलेलं मी दारातून पाहिलं होतं.

"दत्तू, अरे हा टॉवेल!"

"सर, काळजीच करू नका," दत्तू म्हणाला. "डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघायचं नसतं, म्हाईत हाय मला. म्हणून अशा गिऱ्हाइकाची दाढी मी डोळे मिटूनच करतो!"

बघण्यानं काही होत नाही, हातानं आणि टॉवेलनं डोळे येतात, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी ताडकन उठला होता.

"मिटून? दत्त्या, मान हाय बे माझी!"

* * *

मंगलताईंच्या शेजारी भागाबाई राहतात. त्यांच्या अंगणात मोठा हौद. आमच्याकडे पाणी येईल तेव्हा येतं, त्यामुळे हौद, रांजण, ड्रम सगळं काठोकाठ भरून ठेवायची सवय. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. बाळाच्या खोलीच्या भिंतीला लागून हा हौद, म्हणून मी स्वतः त्यात गप्पी मासे सोडून आलो. हे मासे डासांच्या अळ्या खातात.

काही दिवसांनी बघायला गेलो. हौदात अळ्या मजेत नाचत होत्या. माशांची पोटं सुटली होती.

"मावशी, मासे तर लई धष्टपुष्ट झालेत! अळ्या का खात नाहीत?"

"कावून खातील? सकाळी भाकर चुरून टाकते, सांजच्याला भात."

मी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांनी अळ्या खाव्यात म्हणून तर सोडलेत ना!"

भागाबाई चिडल्याच. "माझ्या दारात आलेल्याला किडे खायला घालू? सरकारी असले म्हणून काय झालं, पाव्हणेच की!"

शेवटी नलिनी सिस्टरांना बोलवावं लागलं. त्यांनी आपल्या आवाजात समजावलं, की आठवड्यातून एक दिवस हौद रिकामा करायचा, आतून घासायचा आणि कोरडा ठेवायचा. भागाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठेवते की. पण त्या दिवशी मासे मुक्कामाला तुमच्या घरी!"

* * *

शाळा सुटली की पोरांचा घोळका मंगलताईंच्या दारात. "बाळ दाखवा ना!" प्रत्येकाचं नाक वाहतंय आणि प्रत्येकाचा हात पाळण्याकडे. सिस्टर म्हणाल्या, पोरांना हात धुवायला शिकवू या.

शाळेत गेलो तर पोरं आधीच तयार! हेडमास्तरांनी शिट्टी मारली, पोरं रांगेत उभी राहिली. तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं अगदी ठेक्यात. तालुक्याला या प्रात्यक्षिकाचा पहिला नंबर आला होता म्हणे. फक्त हात कोरडे होते.

"गुरुजी, साबण?"

"कपाटात आहे. कुलपात."

"कुलपात का?"

"सर, वापरला तर संपतो. मग तपासणीला काय दाखवू?"

मी विचारलं, पहिल्या नंबराचं बक्षीस काय मिळालं. हेडमास्तरांनी अभिमानानं कपाट उघडून दाखवलं. साबणाचा खोका!

* * *

आता मंगलताईंची अडचण समजून घ्या. ही बाई वर्षभर लोकांच्या घरात शिरून बाळंतिणी तपासते, गोळ्या देते. ती कुठल्या तोंडानं सांगणार की माझ्या घरी येऊ नका? "आशाबाईला लई माज आला," असं म्हणायला गाव टपलेलं.

मग सिस्टरांनी मधला मार्ग काढला. दाराबाहेर बादली, तांब्या आणि साबण ठेवायचा. येईल त्यानं हात धुवावेत, मग दारातूनच बाळ बघावं. मंगलताईंनी आपल्या मनानं त्यात कडुलिंबाची डहाळी टाकली. "बरं असतंय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून चंद्रकला आत्या आल्या, पांडुरंगांची चुलत बहीण. हातात झबल्या-टोपड्यांची पिशवी. कोपऱ्यावरून वळल्या आणि त्यांना काय दिसलं? दाराबाहेर पाण्याची बादली. त्यात लिंबाचा पाला. आणि बाजूला डोक्याला टॉवेल गुंडाळून, लालभडक डोळ्यांनी शून्यात बघत बसलेला भाऊ.

मयताच्या मातीवरून परतल्यावर हातपाय धुवायला आणि लिंब चावायला अशीच तयारी असते, हे तुम्हाला माहीतच आहे. आत्यांच्या हातातली पिशवी गळून पडली आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, "आगं माझे बाई गंऽ, तोंड बी न्हाई बघितलं गंऽ तुजं!"

गल्ली धावली. बायका रडायला लागल्या. कुणीतरी पांडुरंगांना मिठी मारली, डोळ्यांच्या साथीसकट! पांडुरंगांना वाटलं, आतलं काहीतरी आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. तेही रडायला लागले.

एवढ्या गोंगाटानं बाळ जागं झालं आणि आतून टाहो फुटला. आत्या एकदम गप्प.

"ह्ये कोण रडायलंय?"

दारात आडव्या उभ्या राहिलेल्या सिस्टर म्हणाल्या, "जिच्यासाठी तुम्ही रडताय ती!"

गर्दी टाळण्याची आमची पहिली योजना अशी पार पडली. आलेल्यांना चहा करावा लागला तो वेगळाच. सिस्टरांनी एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही, हीच काय ती जमेची बाजू. मंगलताई मात्र लोक गेल्यावर चुलीपाशी बसून खऱ्याखुऱ्या रडल्या. "अशी किती दिवस वाचवू तिला?"

* * *

आणि मग खोकला आला. साधासुधा नाही, छाती फोडणारा. पण त्याची चाल काही कळेना. या गावात घरं सोडून सोडून पेशंट, मधलं गाव ठणठणीत, पुढच्या वस्तीवर परत सगळे आडवे.

सिस्टर प्रत्येकाला विचारत होत्या, "कुठं गेला होतात? कोण आलं होतं घरी?"

"कोण न्हाई. नानासाहेब आलते फक्त. पोराच्या वाढदिवसाला."

पुढचा म्हणाला, "आमच्याकडं म्हातारी गेली तवा नानासाहेब भेटाया आलते."

तिसऱ्याकडे जागरण-गोंधळ होता. नानासाहेब!

नानासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडणूक जवळ आली की त्यांना प्रत्येकाचं सुखदुःख आपलं वाटू लागतं. ते फार अदबशीर. खोकला आला की तोंडावर मूठ धरतात आणि मग तीच मूठ उघडून समोरच्याच्या गालावरून फिरवतात. नारायणगडाला दर्शनाला गेले तेव्हाच त्यांचा घसा धरला होता म्हणे. पण दौरा रद्द करतील ते नानासाहेब कसले!

सिस्टर म्हणाल्या, "ही साथ नाही हो. हा प्रचार आहे!"

मला एक युक्ती सुचली. यांचा पुढचा दौरा आधी कळला तर त्या गावात औषधं आधी पोचवता येतील, लोकांना सावध करता येईल. मी त्यांच्या पीएला फोन लावला. पीए खूश झाला. "वा! आता आरोग्य खातं पण साहेबांच्या मागं यायलंय म्हणायचं! घ्या लिहून. उद्या सकाळी तुमच्याच गावात. आशाताईच्या नातीचा सत्कार. साहेब बाळाला कडेवर घेणार, फोटो हाय."

खरं सांगतो, इतका मी कुठल्या साथीला घाबरलो नव्हतो.

* * *

सकाळी आम्ही मंगलताईंच्या अंगणात. राणी आतल्या खोलीत बाळाला छातीशी धरून बसलेली. नानासाहेबांना अडवायचं कुणी? मंगलताई म्हणाल्या, "वस्तीच्या पाण्याच्या टाकीसाठी उद्या त्यांच्याच दारात जायचंय. मी कशी न्हाई म्हणू?" मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांच्या बदलीचा शब्द नानासाहेबांनीच दिलेला, त्यामुळे तो प्रसिद्ध आवाज त्या दिवशी बसला होता. माझं म्हणाल तर मी खुर्च्या आणायला गेलो.

गाड्या आल्या. धुरळा खाली बसायच्या आत नानासाहेब उतरले. "कुठंय आमची लेक?" असं म्हणून मुठीत दणदणीत खोकले. कार्यकर्तेही आदरानं खोकले. फोटोवाला पुढे.

मंगलताई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या. ओवाळून झालं तरी त्या बाजूला होईनात. नानासाहेबांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "आणा, आणा, लाजता काय!"

तेवढ्यात गोठ्याकडून मंगलताईंचे सासरे आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आयुष्य शेळ्या-मेंढरांमागे गेलेलं, बोलणं फार कमी. त्यांच्या कडेवर एक करडू होतं, चार-दोन दिवसांचं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आबा सरळ चालत आले आणि त्यांनी ते करडू नानासाहेबांच्या पसरलेल्या हातांत ठेवलं.

"बाळ निजलंय," आबा म्हणाले. "फोटोला ह्ये घ्या. ह्ये बी नवीनच हाय."

फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं. कॅमेरा दिसला की नानासाहेब सवयीनं हसतात, तसे हसले. करडू ओरडलं. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. नानासाहेबांना पुन्हा उबळ आली आणि या वेळी हात मोकळे नसल्यानं सगळा खोकला करडाच्या डोक्यावर पडला.

आता आत जायला काही कारणच उरलं नव्हतं. फोटो झाला होता, पुढच्या गावाला उशीर होत होता. नानासाहेबांनी करडू आबांच्या हवाली केलं, मला नमस्कार केला आणि गाडीत बसले. मंगलताईंनी दाराची चौकट घट्ट धरून श्वास सोडला.

करडाची आई गोठ्यातून त्याला हाका मारत होती. आबा तिकडे गेले नाहीत. ते अंगण ओलांडून पार पलीकडे, बाभळीखाली गेले आणि करडू तिथे एकटंच बांधून टाकलं.

नानासाहेबांनी गाडीची काच खाली केली. "आबा, त्याची आई तर हिकडं वरडायलीय की! त्याला तिकडं लांब कावून बांधलं?"

आबा गाठ आवळत म्हणाले, "तुमी घेतलंवतं न्हवं."