ग्लेनिसची जादा पकड

होबार्टच्या त्या डेटाबेस कंपनीत ग्लेनिस पायबसच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोडची एक ओळ पुढे सरकायची नाही. बाई वाईट नव्हती हो, पण संशय म्हणजे किती! किटली कुणी भरली हे विचारल्याशिवाय चहासुद्धा घ्यायची नाही.

तिथला नियम साधा. सर्व्हरमधलं माहितीचं टेबल वापरायला धरलं, म्हणजे पकड घेतली, की त्याचा आकडा एकने वाढवायचा, सोडलं की एकने उतरवायचा. आकडा शून्यावर आला की मगच टेबल मेमरीतून पुसलं जातं. कुणी सोडायला विसरलं, तर ते जन्मभर जागा अडवून बसतं.

तेच चाललं होतं. दर नऊ दिवसांनी मेमरी भरून सर्व्हर मान टाकायचा. सहा वर्षांपूर्वी ह्याच दुखण्यापायी, ग्लेनिसच्याच अहवालावरून, तिथला प्रोग्रामर मर्विन नोकरी जाऊन घरी बसला होता. दुखणं तरी राहिलंच. "त्याची घाण अजून निघतेय," ग्लेनिस म्हणायची. आता मर्विनचा भाग तेविता ह्या नव्या पोराकडे होता, आणि शुक्रवारी त्याला कायम करायचं की नाही, ते तिच्या सहीवर.

"तूच सोडायला विसरलायस कुठेतरी," तिने त्याला गाठलं.

"तीनदा तपासलं गं. तुझ्या शंकेला औषध नाही बघ!"

"तोंड कमी चालव. प्रत्येक पकडीपुढे ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव छापायला लाव. मग बघते तुझ्याकडे."

शुक्रवारी सकाळी यादी आली. ग्लेनिस चष्मा नाकावर ओढून तेविताचं नाव शोधत बसली. त्याच्या सगळ्या पकडी सुटलेल्या. मर्विनच्या जुन्याही. एकच पकड दर टेबलावर अडकून राहत होती, आणि तिच्यापुढे नाव होतं ग्लेनिस पायबस. शेजारी तिचीच टीप: 'मर्विनचा भरवसा नाही. टेबल लवकर सोडेल, म्हणून माझी एक जादा पकड.' ती सोडायची ओळ तिने कधी लिहिलीच नव्हती.

तिचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. मागे तेविता हातातली पेस्ट्री खायचा थांबून उभा होता. तिने आधी त्याच्या कागदावर सही केली, मग मर्विनला फोन लावला.

"मर्विन, ती अडकलेली पकड माझी होती रे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं? मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, ग्लेनिस. तीनदा. तू म्हणालीस, मी अंग काढून घेतोय."

ग्लेनिसने खूप आठवून पाहिलं. तिला त्यातलं एकदाही आठवेना.