नरक्याचा काढा

चेन्नईतल्या जॉर्ज टाउनच्या जडीबुटीच्या गल्लीत परवा शिकेकाई आणायला गेलो होतो. एका तोंड उघडलेल्या गोणीतून असा काही वास आला की पाय जागीच थबकले. आत कसली साल होती कोण जाणे, पण मला आमच्या कोयनेकाठच्या डोंगरातला नरक्या आठवला. फांदी तोडली की नाक दाबायला लावणारं झुडूप. नाव ठेवणाऱ्याने मुळीच भीड बाळगलेली नाही. आणि त्याच घाणेरड्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं संयुग असतं, ज्यापासून कर्करोगाचं औषध बनवतात. निसर्गालाही थट्टा सुचते ती अशी.

काही वर्षांपूर्वी आईच्या आतड्याच्या कर्करोगावर इथे तेच औषध चालू होतं. मी अंबत्तूरच्या कारखान्यातला रसायनाचा माणूस. ही गंमत फोनवर मामाला सांगायचा मोह काही आवरला नाही. आठवड्याभरात मामा एग्मोर स्टेशनवर उतरला तो पिशवीत साल लपवूनच. मी कामावर गेलो की तो काढा उकळून बहिणीच्या हातात पेला देई. तिसऱ्या दिवशी मी दुपारीच परतलो, आणि जिन्यातच तो वास आला.

"मामा, हे कुणाला दिलंत?"

"तुझ्या आईला. ह्यातनंच औषध निघतंय म्हणालास न्हवं? मग मूळ वस्तूच का नको?"

ते संयुग जसंच्या तसं पोटात गेलं तर विष. त्याचं रूप पालटून, काटेकोर मोजून दिलं तरच औषध. चिडून, भिऊन मी हे सांगत गेलो तसा मामा भिंतीला टेकत खाली बसला. "म्हंजे मीच मारली का रं तिला?"

आई डोक्याचा रुमाल सावरत बाहेर आली. तिने गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे बोट केलं. "तिन्ही दिवस तिथंच ओतला. माहेरहून आलेलं परत करू नये म्हणून घेतला हातात, पण तो वास काही घशाखाली उतरेना."

मामा लहान मुलासारखा रडला. आपण एवढ्या लांबून आणलेलं कुणी ओतून दिलं म्हणून आनंदाने रडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. अजूनही तो येतो तेव्हा पिशवी आधी माझ्यापुढे उघडतो, "घे, वास घेऊन बघ" म्हणतो. माया तीच आहे, फक्त आता विचारून येते.

परवा त्या गल्लीत मी नाक दाबलं नाही. छातीभर वास घेत कितीतरी वेळ उभा होतो, आणि तसाच घरी आलो. दार आईने उघडलं. माझे रिकामे हात पाहून कपाळाला आठ्या घातल्या. केस पुन्हा आल्यापासून तिला न्हायला शिकेकाईच लागते.