कोंबडीचा गोषा

साऱ्या बडोद्यात कोंबडीची कुळी विचारणारा एकच माणूस होता, आणि तो चुलतसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मामंजी रिसाल्यातून निवृत्त झालेले. घोडा गेला, पण जात पारखायची सवय राहिली. खंडेराव मार्केटकडे भाजीला म्हणून निघत आणि वाटेत दिसेल त्या कोंबडीला उलटी धरून तिचे पाय, तुरा नि कानाच्या पाळ्या तपासत. "पाळी पांढरी, अंडं पांढरं. पाळी तांबडी, अंडं तांबूस," असं भर रस्त्यात समजावून सांगत. अंडीवाला म्हणे, "काका, इंडुं तो इंडुं छे." मग मामंजी त्याला अर्धा तास सोडत नसत आणि भाजी राहून जाई. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचेही ते आधी पाय बघत. तेवढं एक मी खपवून घेतलं, कारण अंदाज सहसा चुकत नसे.

फतेगंजातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा मामंजींनी त्याच्याकडून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. कोंबड्यांना पुरुषांसारखे गालावर कल्ले, आणि अंडी चक्क निळी. साहेबाने सांगितलं होतं, अस्सल असेल तर निळंच घालेल. संकर झाला की हिरवट, मातकट, काहीही. झालं. आमच्या घरात बायकांना गोषा होताच, तो कोंबड्यांनाही लागू झाला. खुराड्याला जाड पडदा शिवला, तोही मीच. मोडीत वंशावळ लिहिली. शेजारच्या टांगेवाल्याचा लाल कोंबडा कुंपणावर दिसला की मामंजी काठी घेऊन धावत.

आता खरं सांगते. मामंजी दुपारी झोपत आणि मी पडदा वर करून कोंबड्या मोकळ्या सोडत असे. कोंडून कोंडून त्यांचे पाय आखडायला लागले होते. लाल कोंबडा कुंपणाच्या आत कधी आला, ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी हाकललं नसतं.

त्यातून जन्मली मैना. मामंजींनी शेतीच्या प्रदर्शनात 'अस्सल जात' या विभागात तिचं नाव दिलं. म्हाताऱ्याने तीन वर्षं याच दिवसासाठी काढली होती. मैना अंड्यावर आली ती ऐन आदल्या आठवड्यात, आणि पहिलंच अंडं हिरवं. मी ते मुकाट्याने फोडून मामंजींच्या न्याहारीला तळलं. पुढची चारही तशीच संपवली.

मैना माझ्याशिवाय कुणाच्या हातात राहात नसे, म्हणून पडद्याच्या टांग्यातून, पदर पुढे ओढून, मलाही प्रदर्शनाला नेलं. परीक्षक आले. मामंजींनी पगडी सावरून वंशावळ उघडली आणि मैनेच्या आजीपर्यंत पोहोचले, तोच मैना टेबलावर बसली, उठली, आणि बाजूला झाली.

परीक्षक म्हणाले, "हिरवं आहे."

"मांडवात उजेड कमी आहे," मामंजी म्हणाले.

अंडं उन्हात नेलं. तिथे ते जास्तच हिरवं दिसलं.

परतताना टांग्यात मैना माझ्या मांडीवर आणि मामंजी समोर. ते म्हणाले, "सूनबाई, गोषा कुणी मोडला?"

"मी. दुपारी. आत उकडतं त्यांना."

"आणि याआधीची अंडी?"

"तुम्हीच खाल्लीत."

"तरीच," म्हणाले, "बरी लागत होती." मग हात लांब करून त्यांनी टांग्याचा पडदा बाजूला सारला. मी बघतच राहिले. रस्ता, माणसं, झाडं, सगळं एकदम आत आलं. "कोंबडीला उकडत असेल," ते बाहेर बघत म्हणाले.

घरी येऊन त्यांनी वंशावळीत मैनेच्या बापाचं नाव खोडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: टांगेवाल्याचा लाल. खुराड्याचा पडदा काढला. मी त्याची पोतेरी केली. टांग्याला पडदा पुन्हा लागला नाही. भाऊबंद नावं ठेवत, तेव्हा मामंजी शांतपणे सांगत, "काय करणार, कोंबडीला उकडतं."

मैना मेल्यावरही, स्वतः जाईपर्यंत, ते हेच कारण सांगत होते.