त्या मौनात ‘सांग आता’ कोण म्हणालं?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जन्माने ख्रिस्ती असले तरी चर्चमध्ये जाणं नाताळपुरतं. यवतमाळला राहते, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर आहे. दिवसभर मशीनचा आवाज... शांततेशी माझा काही संबंध नाही.

सहा वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ सुधीरदादा मोटरसायकलच्या अपघातात गेला. सोबत त्याचा मित्र विजय होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांना विजयने सांगितलं, ‘गाडी सुधीर चालवत होता, तोच पिऊन होता.’ दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण मेलेल्या माणसाची बाजू कोण घेणार? आईने लोकांत जाणंच सोडलं. आणि मी... मी वाट पाहत राहिले.

गेल्या वर्षी कळलं, विजयच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि मुकुटबनजवळच्या प्रार्थनागृहात तीन दिवसांच्या मौन प्रार्थनेला विजय आणि त्याचे होणारे व्याही दोघंही येणार आहेत. मी लगेच नाव नोंदवलं. देवासाठी नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून त्याचा बुरखा फाडायचा, सोयरीक तिथल्या तिथे मोडायची — एवढ्याचसाठी.

तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, “शब्द सोडा. श्वासाबरोबर हृदयात उतरा. देव तिथंच आहे, त्याला वर शोधू नका.”

मी डोळे मिटायचे आणि हृदयात उतरून विजयला शिव्या घालायचे. कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर — सगळं पाठ करत होते. तो माझ्यापासून चार हातांवर मांडी घालून बसलेला. व्याही पहिल्या रांगेत.

तिसरा दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. पाठ केलेली वाक्यं अचानक थांबली. मी थांबवली नाहीत, आपोआप थांबली. छातीत ऊब पसरली... आणि आत कोणीतरी आहे, हे मला इतकं स्पष्ट कळलं की मी घाबरले. मग शब्द आले. कानात नाही, आतून. “सांग आता.”

मला वाटलं, परवानगी मिळाली! मी जमिनीवर हात टेकून उठणार, तेवढ्यात विजय उभा राहिला.

“गाडी मी चालवत होतो,” तो म्हणाला. “दारू मी पेलो होतो. सुधीर मांगं बसला होता. मी खोटं बोललो.”

तीस माणसं वळून त्याच्याकडे बघत होती. मी तशीच अर्धवट वाकलेली. माझा घास कोणीतरी तोंडातून काढून घेतला होता.

बाहेर ओट्यावर मी त्याला गाठलं. “सहा वर्षं गप्प होतास, आजच काहून बोललास?”

तो रडत होता. “ताई, तुम्हीच तं म्हणाल्या ना... ‘सांग आता’ म्हून?”

माझे ओठ हललेच नव्हते. ते शब्द मी कोणाला सांगितलेही नव्हते.

पुढे त्याने ठाण्यात जाऊन जबाब दिला, केस सुरू आहे. सोयरीक मोडली नाही. खरं लिहिते — ती मोडावी असं मला मनापासून वाटत होतं. मग एक दिवस तो आमच्या घरी आला, आईच्या पायाशी बसला. आई म्हणाली, “जेवला का रे?” मग माझ्याकडे वळून, “वाढ त्याले.”

मी वाढलं. रागाच्या भरात वरण ताटाबाहेर सांडलं.

मी त्याला माफ केलेलं नाही. आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी गप्प बसते, खरं तर देवाशी भांडायलाच बसते. तर ती ऊब येते. राग तिथेच असतो, तरी येते. दोन्ही एकाच छातीत कसे मावतात, मला अजून कळलेलं नाही.